चार नॅनोमीटर

नाल्डवाइकला अंधार पुरा होत नाही.
काचघरांच्या छतांवरून तो रात्रभर उसवत राहतो,
आधी केशरी, दोन वर्षांपासून गुलाबी,
आणि हा गुलाबी मीच लावलाय,
कोसच्या अकरा हेक्टरांत, शिडीवर उभा राहून,
एकेक दिवा.

टोमॅटोला लाल लागतो, सहाशे साठ नॅनोमीटरचा.
आकाशातला हायड्रोजन उजळतो सहाशे छप्पन्नला.
मधे चार.
एवढ्याशा फटीतून मला
पाच हजार वर्षं चालत आलेला उजेड आत घ्यायचा असतो
आणि कोसचा बाहेर ठेवायचा.
नियमाने रात्री पडदे ओढायचे असतात.
पण आत ओल साठली की कोस छताला थोडी वाट देतो,
आणि तेवढी वाट माझ्या परसापर्यंत पुरते.

दुर्बीण डेल्फ्टच्या एका निवृत्त मास्तरांची,
नळीला पोचा, भिंगाला काही नाही.
फरशीवर तिच्या तीन पायांसाठी खडूच्या तीन फुल्या.
सायकलींच्या शेडमागून,
नेलच्या दोरीवर ताठ गोठलेल्या टॉवेलांआडून
शृंगाश्व वर येतो.

"दिसतं का काही?" कुंपणापलीकडून नेल,
हातात मांजराची ताटली.
डोळ्याला नाही.
"मग आहे कशावरून?"
पडद्यावर पाच मिनिटांचा एक फोटो दाखवतो:
राखाडी, त्यात जरा कमी राखाडी.
ती बराच वेळ बघते.
"माझ्या एक्स-रेत असंच होतं. निघालं काहीच नाही."
आणि शेडवरचा दिवा मालवायचं विसरून आत जाते.

फेब्रुवारी. पूर्वेचा वारा, उणे सहा.
नऊ चाळीसला गुलाबी गेला.
आवाज नाही, काही नाही,
कुणी ताटावरचं फडकं उचलावं तसं.
मृगाच्या पायाखाली ससा होता.
ससा मी नकाशातच पाहिला होता.

खिशात फोन थरथरला. कोस.
तिसरं पॅनेल, तोच रिले,
नाताळच्या आधीपासून बदलतो बदलतो म्हणत होतो.
शटर उघडं होतं, चार मिनिटं बाकी.
फोन वाजू दिला.
मग अजून एक फोटो, पुरे पाच मिनिटांचा,
बोटं काखेत दाबून मी उभा,
आणि डोक्यात भलतंच:
अकरा हेक्टर रोपांवर आत्ता रात्र पडली असेल,
ती त्यांना ओळखू आली असेल का?

"चाक पंक्चर होतं," मी सांगितलं.
कोसने चाकाकडे पाहिलं नाही, तापमापकाकडे पाहिलं.
जळका वास, नवा रिले, बधिर नखं.
खटका वर केला.
गुलाबी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावत गेला
आणि पानं, खोटं कशाला बोलू, सुंदर दिसली.

चौऱ्याण्णव फोटो एकावर एक रचले.
संगणक सरासरी काढतो, त्याला कुणाची भीड नाही.
विमान पुसलं, उपग्रहाची रेघ पुसली, नेलचा दिवा पुसला,
आणि ते दोन स्वच्छ फोटोही
बाकीच्या ब्याण्णवांत मिसळून गेले
खाडीत ओतलेल्या दोन तांब्यांसारखे.
एकेचाळीस, बेचाळीस. मूळ प्रती आहेत माझ्याकडे.
उघडून बघत नाही.

रंग भरल्यावर तेजोमेघ फुलला,
मधे भोक, कडेने लाल धूर.
कोसने मागून घेतला.
कॅन्टीनमध्ये, टोमॅटोच्या भावाच्या तक्त्याशेजारी,
चार टाचण्यांवर, उलटा.
मी काही बोललो नाही. तिकडे वरची बाजू कुठली, हे कोण सांगणार.

चहाच्या सुट्टीत बार्तेक त्याच्यासमोर उभा राहिला,
तोंडात अर्धा पाव.
"हे आपलंच छत ना? ड्रोनमधून काढलेलं?"

जवळजवळ, म्हटलं,
आणि साखर मागितली.