जागेचं वजन

सुगतने दुकान उघडून दिलं,
मानेवाडा चौकात, मोबाईलवरच,
दोन समोसे आणि एका कटिंगच्या मजुरीत.
"मामी, झालं. आता तुमचं शटर जगभर वर."
मी वर पाहिलं.
मे महिन्याचं आभाळ होतं,
उन्हानं धुवट झालेलं.

कुरोड्या मात्र खऱ्या होत्या.
तीन दिवस भिजलेला गहू,
पहाटे चारला हाटलेला चीक,
इंदूबाई सोनकुसरेंच्या गच्चीवर
त्यांच्या मालकांच्या जुन्या धोतरावर
सोऱ्यातून गोल, गोल, गोल.
शेहेचाळीस डिग्री. संध्याकाळपर्यंत खडखडीत.

अकरा दिवस दुकानात कुणी फिरकलं नाही.
तसं रिकामं दुकान मला नवं नव्हतं,
इतवारीत यांचं कंगवे-टिकल्यांचं होतंच की.
पण तिथं माशा हाकलता यायच्या,
समोरच्या मारवाड्याला पाणी विचारता यायचं.
इथं माशीही नाही.

बाराव्या दिवशी पहिली ऑर्डर.
नाव पाहिलं: माझीच जाऊ, खामल्याची.
ती मी धरत नाही.
दुसरी चिंचवडची. मृण्मयी गद्रे.
तीनदा वाचलं नाव.
या बाईला माझ्याशी गोड बोलायचं
काहीच कारण नव्हतं.

कुरिअरवाल्या मुनाफभाईंनी खोका काट्यावर ठेवला.
चारशे ग्राम.
मग खिशातून टेप काढला.
तीस, तीस, पंधरा.
कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला:
दोन किलो सातशे.
"अहो, काटा चारशे दाखवतोय!"
"ताई, वजनाचं नाही लागत. जागेचं लागते."

त्या रात्री कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला.
आले तीनशे वीस.
गेले कुरिअरचे दोनशे साठ, खोक्याचे अठ्ठावीस,
गहू, गॅस.
बाकी निघाली ती आपणच कुणाला तरी देणं.
आणि यात ऊन फुकट धरलं होतं,
गच्ची फुकट,
इंदूबाईंचे गुडघे फुकट.
"तुमचं नंतर बघू," असं मीच म्हटलं होतं त्यांना,
हसत.

आठव्या दिवशी एक तारा आला.
खाली दोनच शब्द: चुरा आला.
सोबत फोटो. माझ्या कुरोड्या, तिच्या प्लेटमध्ये.
प्लेट सुंदर होती, निळ्या काठाची.
तीन दिवस मी दर पंधरा मिनिटांनी
तो तारा बघत होते.
भाजी करपली. पुन्हा बघितला.

शेवटी फोन लावला,
माफी मागायला,
खरं तर भांडायला.
ती म्हणाली, "पैसे राहू द्या.
आता या चुऱ्याचं करू काय, ते सांगा."
मी सांगितलं:
गरम पाण्यात भिजवा, निथळा,
कांदा भरपूर, लसूण, लाल तिखट,
झाकण ठेवा, पण फार वेळ नको.
पलीकडे ती लिहून घेत होती.
पेनाचा आवाज ऐकू येत होता.

तारा तिने बदलला नाही.
मीही म्हटलं नाही.

आता चपट्या पाकिटात चुराच विकते,
'भाजीच्या कुरोड्या', दोनशे ग्राम.
पाकिटाला उंची नाही म्हणून
मुनाफभाईंचा टेप खिशातच राहतो.
महिन्याला तीस-चाळीस जातात.
फार नाही.
इंदूबाईंचे पैसे आधी काढून ठेवते,
साखरेच्या डब्याखाली.

पण सुरुवातीला त्या कडाडल्या होत्या,
"फोडूनच इकाच्या होत्या
त गोल काहून पाडाले लावल्या वं?"
यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.
सरळ चिकाच्या रेघा ओढल्या तरी चालेल,
मीच म्हणाले एकदा.
त्यांनी ऐकलं, आणि सोऱ्या फिरवत राहिल्या,
गोल.

बुधवारी दुपारी मी परातीत त्या मोडते.
कडकड आवाज होतो.
इंदूबाई तेवढा वेळ
भिंतीकडे तोंड करून बसतात.