कच

रोसाउरा परत निघाली तेव्हा
तिच्या बॅगा सात किलोंनी जास्त भरल्या.
मस्कतच्या विमानतळावर वाद नको म्हणून
आदल्या रात्रीच तिने तो दगड
आमच्या उंबऱ्यावर आणून ठेवला.
तीन पायांचा, काळा, आ वासलेला,
पोटात एक बुटका बत्ता.

तिचा नवरा आणि माझा हणमंत
सोहारच्या बंदरावर एकाच पाळीत.
त्याचं कंत्राट संपलं.
आमचं मार्चपर्यंत आहे.

'मोल्काहेते,' ती म्हणाली.
मी म्हटलं, खल.
'नाही. मोल्काहेते.'
मी म्हटलं, बरं.

मग हळूच, लिफ्टकडे बघत :
आईने दिलेला. तीन वर्षं नुसता ओट्यावर ठेवला.
तुम्हाला जे जे खाऊ घातलं ना,
ते सगळं मिक्सरचं होतं.
कुणाला सांगू नकोस.

कोऱ्या दगडाला आधी तांदूळ भरवायचे.
मूठभर घ्यायचे, रगडायचे,
करडं पीठ निघेल, टाकून द्यायचं.
पुन्हा मूठ, पुन्हा करडं.
पांढरं निघेपर्यंत. सहा वेळा तरी.
हे तिने बोटं मोजून सांगितलं
आणि मी मान डोलावत राहिले,
कोरेगावात नवा पाटा आला की काय करतात
हे मला ठाऊकच नसल्यासारखी.

दगडही ओळखीचा निघाला.
तोच भोकाभोकांचा काळा कातळ,
कधीतरी लाल, वाहता असलेला,
तिच्या डोंगरातून, माझ्या डोंगरातून,
कुणी न बोलावता थेट स्वयंपाकघरात
येऊन थंड झालेला.

शुक्रवारी कुन्हामूच्या दुकानात
केनियाचे अ‍ॅव्होकॅडो.
त्याने देठापाशी अंगठा दाबून विचारलं, कधी खाणार?
म्हटलं, उद्या.
'उद्याचे नाहीत. आजचे आहेत,
नाहीतर पुढच्या मंगळवारचे.'
मधला दिवस या फळाला नसतोच.
दोन आजचे घेतले.
टोमॅटो इथल्याच, बातिनाच्या शेतातले,
वाकडे, एकाला माती चिकटलेली.
लिंबं. कोथिंबिरीची जुडी, ओल्या कागदात.

टोमॅटो तव्यावर टाकले, तेल न लावता,
साल काळी पडून उचकटेपर्यंत.
लसूण सालीसकट. कांद्याची जाड चकती.
धुराची घंटा वाजायला लागली तशी
हणमंतने स्टुलावर चढून
तिला टॉवेलने वारा घातला,
रुसलेल्या पाहुण्याला घालावा तसा.

आधी मीठ आणि लसूण. मग मिरची.
मग टोमॅटो, एकेक,
नाहीतर डोळ्यात उडतो. उडालाच.
अर्धं वाडग्यात काढलं.
उरलेल्यात अ‍ॅव्होकॅडो चेपला, पार गुळगुळीत नाही,
वर लिंबू, वर कोथिंबीर.
बी मधोमध खोचून ठेवली.
त्याने काळं पडायचं काही थांबत नाही,
रोसाउराच म्हणायची,
आणि दर वेळी खोचायची.

हणमंतने भाकरीचा तुकडा बुडवला.
'ठेचाच की हा.'
नाही. ठेच्यात आपण मिरचीवर
कसला तरी राग काढतो.
हिने मिरचीला नुसतं
चार लोकांत बसवलंय.
'बरं,' तो म्हणाला, आणि दुसरा तुकडा मोडला.

फोटो पाठवला. तिकडे सकाळचे दहा.
लगेच उत्तर : तांदूळ किती वेळा?
सहा, मी लिहिलं.
चारच झाले होते.
चौथ्यालाही पीठ पुरतं पांढरं नव्हतं,
पण अ‍ॅव्होकॅडो आजचे होते.

हणमंत चावता चावता थांबला.
जिभेने दाढेपाशी काहीतरी शोधलं.
'कच लागतेय गं.'

लागू दे.