सहा मैल

भोंगा आधी होतो, बिगूल मागून.
साडेपाचला गिरणी ओरडते
आणि मी उठून बसतो, पाय जमिनीवर,
पहिल्या पाळीला निघालेल्या माणसासारखा.
हवालदार ढमढेरे कूस न बदलता विचारतात,
"गड्डम, बिगूल झाला?"
"नाही, साहेब."
"मग नीज."
मी निजतो. हुकमाप्रमाणे. दहा मिनिटं, डोळे उघडे.

होटगीच्या माळावर तंबूंच्या अकरा रांगा.
दगड वेचून आम्हीच चुन्यानं रंगवले,
तेव्हा कुठं या माळाला डावं-उजवं आलं.
बंदुका अजून यायच्यात. तोवर लाकडाच्या.
त्या खांद्यावर टाकून चार-चार तास चालतो
आणि ऊन तेवढं खरं असतं.

पायाच्या पट्ट्या मला कुणी शिकवल्या नाहीत.
सातव्या वर्षापासून कांड्या भरल्यात;
ताण कुठं द्यायचा, कुठं सोडायचा,
ते बोटांना विचारा, मला नको.
पहाटे माझ्यासमोर पोटऱ्यांची रांग लागते.
कोरेगावचा येसू, अथणीचा बसलिंग,
आणि कुमाऊंचा पानसिंग, ज्याचा इथं आल्यापासून
रोज घोळणा फुटतो
आणि जो रोज विचारतो, पहाड कोणत्या बाजूला?
मी उत्तरेला बोट दाखवतो.
माझं गाव दाखवायला बोटही लागत नाही.

कांबळं मिळालं त्या रात्री
कोपरा उलटून शिक्का पाहिला.
कानपूर.
नायना म्हणायचे, आपलं सगळं कापड
हल्ली खाकी होऊन कुठंतरी जातंय.
कुठंतरी म्हणजे इथं नाही.

सगळ्यांची पत्रं लांबून येतात. माझंही.
सहा मैलांवरून निघून, पुण्याला जाऊन, आठव्या दिवशी.
अम्माला लिहिता येत नाही,
कल्लप्पा मास्तरांचं अक्षर:
"इकडे सर्व ठीक. राजव्वाला मुलगी झाली.
तिकडची हवा कशी आहे?"
आणि वर कोपऱ्यात, गावाच्या नावावर,
सेन्सॉरची काळी शाई.
मी मान वर केली.
खोडलेल्या गावाची चिमणी धूर सोडत होती.

पास बंद आहेत. गावात पटकी आहे म्हणतात.

परवा रात्री पहारा माझा होता, पश्चिमेच्या तारेवर.
दुसरी पाळी सुटल्याचा भोंगा होऊन
तासभर झाला असेल.
चाकाची करकर आली, मग थांबली.
शिकवल्याप्रमाणे ओरडलो,
"थम! कौन आता है?"
अंधारातून आवाज आला,
"नेनेरा, राजेशम."

हा परवलीचा शब्द नव्हता.
त्या रात्रीचा शब्द होता "नारळ".
मी बंदूक रोखली.
अंधारात लाकूड लाकूड दिसत नाही.
नायनांनी दोन्ही हात वर केले,
एका हातात डबा,
सायकल आपोआप आडवी झाली.

किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही.
मग ते वाकले, डबा तारेजवळ ठेवला,
सायकल उचलली, हँडल सरळ केलं
आणि गेले.
दिवा नव्हता. रॉकेल मिळत नाही सध्या.

सकाळी बारा जणांनी शेंगाचटणी खाल्ली.
पानसिंगनं पाण्याचा अख्खा तांब्या संपवला
आणि पुन्हा बोट बुडवलं.
ढमढेरे आले. "कुठून आली?"
"डाकेनं, साहेब."
त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले.
"डाक ताजी आहे," म्हणाले,
आणि पश्चिमेच्या तारेकडं पाठ करून उभे राहिले.

डबा रिकामा परत धाडू नये, अम्माची शिस्त.
म्हणून चहात साखर घेणं सोडलंय.
रोजचा चमचा डब्यात जातो.
येसूनं त्याची दिली, बसलिंगनं दोन दिवसांची.
मुंग्यांना पत्ता लागलाय,
रोज रात्री डबा पाण्याच्या थाळीत ठेवतो.

आज फलकावर हुकूम लागलाय: गुरुवारी गाडी.
कुठली, ते लिहिलेलं नाही.
डबा अजून अर्ध्यावर आलेला नाही.