अडीच तास पुढे

फहाहीलच्या मक्का स्ट्रीटवर घेतला,
अडतीस दिनार, सहाव्या पगारात.
दुकानदार म्हणाला, वेळ लावून देऊ?
म्हटलं राहू दे, आणि खोलीवर येऊन
खाटेवर मांडी घालून मिरजेची वेळ लावली.

त्याला आता सतरा वर्षं झाली.
पहाटे पाचची कंपनीची बस याच्या लेखी साडेसातची,
म्हणजे कुमुद डबे भरत असेल तेव्हाची.
किनाऱ्यावरच्या फोटोत चांगलं लख्ख ऊन
आणि कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत रात्रीचे आठ.
बघणारा चक्रावतो. मी नाही.

रजेचे तीस दिवस तेवढं याचं घड्याळ खरं बोलतं.

दुसऱ्याच वर्षी तोझ आली, म्हणजे इथलं धुळीचं वादळ,
तीन दिवस सूर्य हळदीच्या पाण्यातल्या रुपयासारखा.
मी गच्चीवर गेलो फोटो काढायला. जायला नको होतं.
तेव्हापासून लेन्स बाहेर येताना
दाताखाली खडा आल्यासारखी करकरते
आणि झाकणाची एक पापणी अर्धीच उघडते.
नखाने सारावी लागते. अंगठ्याचं एक नख मी त्यासाठी राखतो,
बाकीची नऊ कापतो.

एक कण पार आत गेला, जिथे कुणाचंच बोट पोचत नाही.
तो प्रत्येक आभाळात येतो, डावीकडे, वर.
लेकीने लहानपणी विचारलं होतं,
बाबा, ही घार रोज तुमच्याच मागे का येते?
मी म्हटलं, ओळखीची आहे.
आता ती इंजिनिअर आहे, सेन्सर म्हणजे काय ते मलाच शिकवेल,
तरी फोटो पाठवला की आधी घार शोधते.

खोलीतल्या सगळ्यांचे इकाम्याचे फोटो यानेच काढले.
भिंतीवर खिळ्यांना पांढरी चादर, दोन्ही ट्यूब चालू,
कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत.
सलाउद्दीन परकार, राहणार दाभोळ, यांना ते जमेना.
चष्मा काढला की हसू फुटायचं त्यांना.
तुझं नुसतं धुकं दिसतंय रे, म्हणायचे,
आणि धुकं म्हणतंय हसू नका.
अकरा फोटो वाया गेले, बारावा लागला.

मग ते कायमचे घरी गेले. मग गेलेच.
मागच्या रमजानमध्ये त्यांच्या मुलाचा निरोप आला:
अब्बांचा फोटो आहे का कुठे, हसतानाचा?
घरात आहेत ते सगळे कागदपत्रांवरचे.
कार्डात जागा कधीच नसते, एक काढायचा तर एक पुसायचा,
पण आळस म्हणा, ते अकरा राहून गेले होते.
अकराही पाठवले.

फोन आहे की माझ्याकडे. चांगला आहे.
विमान टेकलं की लगेच तिथला होतो,
विचारतसुद्धा नाही.
हा विचारतो. बॅटरीचं दार मोडलंय,
कोथिंबिरीच्या जुडीचं रबर लावून बंद ठेवलंय,
ते उघडलं की सगळं विसरतो
आणि शून्यं लुकलुकवत बसतो: तारीख? वेळ?
दर वेळी मी मिरज सांगत आलो.

मार्चमध्ये व्हिसा रद्द होईल. बॅग अर्धी भरली आहे.
कुमुदने विचारलं, ते डबडं आणणार का?
आणणार.
काल रात्री बॅटरी बदलली, शून्यं लुकलुकायला लागली,
आणि मनात आलं, आता याला इथली वेळ लावून न्यावी.
तिकडे साडेसातला मी चहा घेत असेन,
याच्या कोपऱ्यात पाच वाजतील,
आणि कुणीतरी दिवा न लावता
खाटेखाली बूट शोधत असेल.

अजून काही लावलेलं नाही.
लुकलुकतंय.