सतरावी दोरी

अवधूत, ते पत्र खिशात ठेव
आणि हा पदर धर, दोन्ही टोकांनी.
गिऱ्हाईक गेलं. बत्तीस साड्या उघडल्या,
एक घेतली नाही. पायऱ्या उतरताना म्हणाली,
"रंग बरा हाय, पण बघू."
महाद्वार रोडला हे रोजचंच.

तुला जनरल ड्यूटी हवी होती.
युनिव्हर्सिटीच्या मैदानावर पहाटेच्या अंधारात
सोळाशे मीटर अनवाणी धावलास,
छाती फुगवून दाखवलीस,
आणि हातात आलं : ट्रेड्समन.
मघापासून तोंड असं केलंयस,
जणू शर्यतीचा बैल विकून
कुणी दारात खेचर बांधलं.

मलाही गारगोटीत पारावर विचारायचे,
"कृष्णात, किती लोळवले?"
मी म्हणायचो, घड्या घातल्या.
"म्हंजे परीट व्हय रं तू?"
हसायचे. मीही हसायचो.
चहा त्यांचा असायचा.

आग्रा. पत्र्याची लांबलचक शेड,
चाळीस फुटी टेबल, त्यावर आडवं पॅराशूट,
आणि पंखे बंद. वाऱ्यानं कापड हलतं.
मे महिन्यात पंखे बंद, अवधूत.
नेगीसाबांनी पहिल्या दिवशी फक्त हात बघितले.
नखं. भेगा.
उसाच्या पात्यांनी चिरलेल्या माझ्या बोटांवरून
कापडाचा एक तुकडा ओढला.
तो अडकला.
"महिनाभर खोबरेल लाव," म्हणाले. "मग ये."

मग दोऱ्या. अठ्ठावीस.
मोजायच्या, परत मोजायच्या,
डोळे मिटून बोटांनी मोजायच्या.
कळीवर कळी बसवायची,
वर वाळूच्या पिशव्या, हलू नये म्हणून.
संध्याकाळी अवजारांची मोजणी :
एक हूक कमी भरला
की दिवसभराच्या सगळ्या छत्र्या उलगडायच्या,
रात्री दोनपर्यंत, कुणी चकार शब्द न काढता.
एकदा तो हूक माझ्याच कॉलरला सापडला.
त्यावर मी आजही बोलत नाही.

शेवटी कार्डावर सही.
उडी मारणाऱ्याचं नाव त्यावर नसतं,
घडी घालणाऱ्याचं असतं.

उडीचा कोर्स आम्हालाही होता,
कारण साहेब कधीही येऊन म्हणणार,
"यातली एक उचल. तूच घातलेली."
तेराव्या महिन्यात आले. उचलली.
विमानाच्या दारात देव आठवला नाही,
अंबाबाई माफ करो.
आठवली सतरावी दोरी.
त्या दुपारी नेमकं तिथंच
आईचं पत्र मनात आलं होतं,
म्हस व्याली म्हणून लिहिलेलं,
आणि बोटं क्षणभर गावाकडं गेली होती.

उघडली.
खाली येताना एवढंच कळलं
की वर जो तो
कुणाच्या तरी दुपारीला लटकलेला असतो.

छत्र्या परत यायच्या तेव्हा
कुसळं, ढेकळं, कधी मोहरीची फुलं,
एकदा रक्त.
उंच मनोऱ्यात टांगून वाळवायचो.
जी वापरलीच नाही, तीही
ठरल्या तारखेला मोडायची, झटकायची,
नव्यानं घालायची.
एका घडीत फार दिवस ठेवलं
की कापड घडीवरच चिरतं.
तुझ्या काकूचा शालू बघ.
अठरा वर्षं पेटीत, त्याच घडीत,
आणि मी वर्षातून एकदा रजेवर.

नाही, रडत नाही. स्टार्चची पूड आहे ही.

काय लिहिलंय पत्रात? स्वयंपाकी? शिंपी?
अजून ठरायचंय म्हणतोस.
ठरेल. तुझ्या भाकरीवर कुणीतरी बर्फात चढेल,
तुझ्या टाक्यावर कुणाचा तरी बूट टिकेल,
आणि पारावर ते तुलाही हसतील.
चहा सोडू नकोस.

दाखव हात.
हं. नखं काप.
आणि पदर ढिला नको सोडूस,
अजून एकतीस आहेत.