अकारविल्हे

साहेब म्हणाले, दोन याद्या करा.
सोमवारी कोळसा गल्ली, मंगळवारी बंबखाना,
म्हणजे समोरासमोर यायला नकोत.
बंदोबस्त बेताचाच, दोन हवालदार आणि एक लाठी,
ती त्यांच्यात आळीपाळीने फिरायची.

मी म्हटलं, साहेब, टेबल एक, शिक्का एक,
आणि टंकयंत्राचा 'ह' तुटलेला.
एकच यादी करते. अकारविल्हे.
ते पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, बघा बुवा.
शासनात 'बघा बुवा' हीसुद्धा मंजुरीच असते.

माझगावच्या मनपा शाळेचा व्हरांडा,
दुसरीच्या पोरांची बाकं,
त्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली मोठी माणसं.
आगवण्यांनंतर आगा, काझींनंतर काणेकर,
परकारांना खेटून परब.
कुणी सरकून बसलं तर पलीकडचा बाकावरून पडायचा,
म्हणून कुणी सरकलं नाही.

रकाना सात : नुकसानीचे कारण.
आग, पूर, इतर.
इथे प्रत्येकाचा हात थांबायचा.
आग लिहा, मी म्हणायचे. आग तर खरीच होती.
कुणी लावली, याला रकाना नव्हता.
तो दुसऱ्या खात्याचा विषय,
आणि त्या खात्याचं पत्र अजून यायचंय.

दळवी रघुनाथ सोनू. पानबिडीचं दुकान, फळ्यांसकट.
दळवी रशीदा अब्बास. शिलाई मशीन दोन, इस्त्री एक,
गिऱ्हाइकांचे कपडे (संख्या सांगता येत नाही).
मूळ गाव दोघांचंही दापोली तालुक्यातलं, नदीच्या अलीकडचं.
मला वाटलं नोंद दुबार झाली.
खोडायला पेन उचललं
तर दोघं एकदम म्हणाले, "बाई, थांबा."
त्या दिवशी चार तासांत
दोघं मिळून तेवढंच बोलले.

'म' यायला चार वाजायचे.
मुकादम नफीसाबी तरी सकाळपासूनच यायची,
फॉर्म उलटा धरून बसायची.
मुलगा बेपत्ता, वय एकोणीस, निळा शर्ट.
एरवी सात वर्षं थांबावं लागतं,
नव्या आदेशाने सूट होती :
दोन शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र, वारसाला रक्कम.
शेजारी तयार होते. परबांनी तर स्टॅम्पपेपर स्वतः आणला.
तीच तयार नव्हती.
म्हणाली, मी अंगठा लावला की तो मेला.
शाईचं पॅड मी झाकून ठेवलं.
तिची फाईल प्रलंबित आहे.
मी निवृत्त झाले, फाईल नाही झाली.

धनादेश आले गणपतीनंतर.
दळवींचे उलटसुलट : तिचा त्याच्या पत्त्यावर,
त्याचा कुठे, ते ट्रेझरीलाही ठाऊक नाही.
रघुनाथने तीन दिवस तो शर्टाच्या खिशात वागवला.
बायको म्हणाली, टाक पेटीत. भाऊ म्हणाला, फाड.
चौथ्या दिवशी रस्ता ओलांडून बंबखान्यात गेला,
अकरा महिन्यांनी पहिल्यांदा.
उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, मग परत घातल्या.
तिने शून्यं मोजली. दोनदा.
मग धाकट्याला पाणी आणायला सांगितलं.
तो अर्धा ग्लास प्यायला.
(हे ती सांगते. तो सांगतो, पूर्ण प्यायला.)

यापुढे काही झालं नाही.
गळाभेट नाही, वर्तमानपत्रात फोटो नाही.
पानाचं दुकान पुन्हा त्याच जागी उभं राहिलं,
आणि बंबखान्यातली दोन-चार माणसं, सगळी नव्हे,
चुना तिथून न्यायला लागली.

मला मात्र कारणे दाखवा नोटीस आली.
पत्त्यांची अदलाबदल, शासकीय कामात निष्काळजीपणा.
उत्तराची स्थळप्रत मी जपून ठेवलीय :
"यादी अकारविल्हे केली असल्याने
सदर दोन नावे लागोपाठ आली आहेत.
त्यामुळे ही चूक झाली आहे. कळावे."

त्यातले सगळे 'ह'
मी हाताने भरले होते.