शाफ्ट क्रमांक तीन

"अंकल, लिफ्ट पाडता येईल का?"
असं विचारलं शाळेच्या पोरांनी,
आणि मी हसलो, खिशातला पाना हलेपर्यंत.
बावीस वर्षं शारजात मी एवढंच तर करतोय:
लिफ्ट पडू देत नाही.

लिफ्ट नको, म्हणाली शिफाना, मग पेटी.
पेटीत पेटी. बाहेरची वारा झेलणार,
आतली पडणार निवांत, कशाला न टेकता.
तिच्यात बरणी, बरणीत चिलटं,
आणि चिलटांकडे तोंड करून
कुणाच्या तरी आईचा जुना मोबाइल.
चिलटं जोएलच्या घरची.
केळी मुद्दाम सडवलेली गॅलरीत, वॉशिंग मशीनमागे.

अल-खानची इमारत अर्धीच उभी होती,
तीन नंबरच्या शाफ्टला रेल बसायची होती.
शुक्रवार, नमाजानंतर.
कय्यूम साहेबांनी हेल्मेटं मोजून दिली,
म्हणाले, पोरं तुझ्या जबाबदारीवर.
खाली गाद्या, त्यांवर थर्माकोलचा चुरा.
वर सहाव्या मजल्यावर मी,
हातात चुंबकाची कळ.

सहा मजल्यांचे सेकंद होतात दोन.
हा हिशेब मला येत होता.
कधी कुणाला सांगितला नव्हता.

पहिल्यांदा फोन फुटला.
दुसऱ्यांदा बरणीभर केळंच झालं.
मग मी पेटीला खालून जुन्या ब्रेकचं रबर ठोकलं,
आणि तिसऱ्यांदा दिसलं.
सिमेंटच्या गोण्यांवर बसून आम्ही पाहिलं, हळू करून:
कळ दाबली, आणि बरणीतलं 'खाली' गेलं.
नुसतं गेलं, जशी वीज जाते.
काहींचे पाय सुटले, पंख मिटलेलेच,
ती फिरत राहिली चहातल्या भुकटीसारखी.
काही उडाली, काचेवर आपटली,
वर कुठं ते न कळून.
एक मात्र झाकणाला धरून होतं.
सहा पायांनी. सबंध दोन सेकंद.

शिफानानं वहीत रकाने पाडले:
सुटलं. उडालं. धरून.
"ते घाबरलं असेल ना?" जोएल.
मॅडम म्हणाल्या, असलं लिहायचं नाही.
दिसलं तेवढंच लिही.

दोन हजार नऊला, रोल्याजवळच्या एका टॉवरात
माझा पट्टा सरकला होता. दीड मजला.
घरी फोनवर सांगितलं, पाय मुरगळला.
म्हणतात, सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून जातं.
माझ्या डोळ्यांसमोरून रेलचे बोल्ट गेले,
एकावर गंज.
ना कुडाळ आठवलं, ना बायको, ना देव.
हात आपले आपण पुढे झाले
आणि जे आलं ते धरलं.
याची लाज वाटायची मला.
आजवर.

"अंकल, अजून एकदा?"
पेटी वर ओढताना पाहिलं,
सगळी पुन्हा सालीवर जमली होती,
जसं काही झालंच नाही.
"शिफाना," मी वरून ओरडलो,
"तो तिसरा रकाना जरा रुंद आख."
"का, अंकल?"
मी कळ तपासतोय असं दाखवलं.